आर्डिसचा धबधबा

आर्डिस टोरगर्सनच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारायचा, "आत्ताच राहायला आलात वाटतं?" आर्डिस कॉफी ओतता ओतता सांगायची, "नाही, बेचाळीस वर्षं झाली." मग पाहुणा ओशाळायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे पुन्हा आपल्या कपात बघायला लागायचा.

घर काही वाईट नव्हतं. ओस्लंड गावात शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, दुमजली, लाकडी, दारात एक एल्मचं झाड. पण आत गेलं की चारी बाजूंनी नुसत्या भिंती. साईच्या रंगाच्या, गुळगुळीत, कोऱ्या. एक तसबीर नाही, घड्याळ नाही, साधं कॅलेंडर नाही. घड्याळ टेबलावर असायचं, कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, आणि मुलीचे शाळेतले फोटो अल्बममध्ये. दर चार वर्षांनी आर्डिसचा नवरा लेलंड त्याच दुकानातून त्याच नंबरचा रंग आणायचा आणि सगळं घर पुन्हा साईच्या रंगाचं करून टाकायचा.

लेलंड काउंटीच्या कचेरीत होता. करासाठी लोकांच्या घरांचं मूल्य ठरवायचं, हे त्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात फिरायचा, मोजमापं घ्यायचा, आणि संध्याकाळी जेवताना सांगायचा, "आज ब्रेकेंकडे गेलो होतो. बैठकीच्या एका भिंतीत एकोणीस भोकं. चाळण केलीय नुसती. उद्या विकायला काढलं तर कोण घेईल ते घर?"

त्यांचं घर घेतलं तेव्हाच तो म्हणाला होता, "पाच वर्षं राहू. मग विकून ॲरिझोनाला, उन्हात." पाच वर्षांनी म्हणाला, आणखी पाच. मग जोलीनची शाळा झाली, कॉलेज झालं, तिचं लग्न होऊन ती डेन्व्हरला गेली, लेलंड निवृत्त झाला. ॲरिझोना काही जवळ आलं नाही, पण घर मात्र रोज सकाळी विकायला तयार असायचं. आर्डिस त्यात गिऱ्हाईक यायच्या आधी आवरून बसल्यासारखी राहत होती.

तिच्या माहेरी असं नव्हतं. माहेर गावाबाहेर नऊ मैलांवर, शेतावर. तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीचा रंग कोणता हे शोधावं लागायचं. बियाणांच्या कंपन्यांची जुनी कॅलेंडरं, चित्रं चांगली म्हणून कधीच न काढलेली. हरणाची शिंगं, त्यांवर बापाच्या टोप्या. आजीने फुलं रंगवलेल्या लाकडी थाळ्या. गुरांच्या जत्रेत मिळालेल्या निळ्या फिती. एक येशू, आणि त्याच्या शेजारी ट्रॅक्टरवर बसलेला आर्डिसचा भाऊ. जेवायला बसलं की पोर कंटाळायचं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला मावशीने लोकरीचं एक कापड विणून दिलं होतं, भिंतीवर लावायचं. तांबड्या जमिनीवर निळे पक्षी, चोचीला चोच लावून. लेलंड कामावर गेला असताना आर्डिसने बैठकीत खिळा ठोकला आणि ते टांगलं. संध्याकाळी तो आला. त्याने पाहिलं. हात धुतले, जेवला, "मांस छान शिजलंय," म्हणाला. मग तळघरातून पक्कड आणली, कापड उतरवलं, चार घड्या घालून तिच्या मांडीवर ठेवलं, खिळा उपटला, भोकात पुट्टी भरली आणि बोटाने गुळगुळीत केली. रविवारी अख्खी भिंत रंगवली, कारण तेवढाच डाग उठून दिसत होता.

एवढं सगळं झालं तरी त्याने आवाज चढवला नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला असताना, बटाटे सोलता सोलता आर्डिसने हे आपल्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? भांडायला समोर माणूस लागतो गं. तो भिंतीशीच बोलत होता."

एकदा मात्र ती निघाली होती. जोलीन सहा वर्षांची होती. एका सकाळी आर्डिसने दोन बॅगा भरल्या, पोरीला गाडीत बसवलं, किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. माहेरी जाऊन काय सांगायचं, याची ती जुळवाजुळव करत होती. नवरा मारत नाही. पीत नाही. पगार घरात आणतो. रविवारी चर्चला येतो. खिळा मारू देत नाही म्हणून घर सोडलं? तिला आपल्या आईचा चेहरा दिसला. मागच्या सीटवरून जोलीन म्हणाली, "आई, आपण कुठे चाललोय?" आर्डिस म्हणाली, "कुठेच नाही. गाडी गरम करतेय." आणि ती खरंच गाडी गरम करून, बंद करून आत आली.

शाळेत तिने अठ्ठावीस वर्षं पोरांना जेवू घातलं. तिथे मोठ्या फ्रीझरशेजारची भिंत तिची होती. पोरांनी काढलेली चित्रं, कुणाकुणाची पोस्टकार्डं, वर्तमानपत्रातून कापलेला एक उंट. निवृत्त झाली त्या दिवशी तिने ते सगळं एका खोक्यात भरलं, घरी आणलं आणि तळघरात मावशीच्या कापडाजवळ ठेवून दिलं.

मग त्या ऑक्टोबरमध्ये, साखरेसाठीच्या बीटचे ट्रक रस्त्याने रात्रंदिवस धावत होते तेव्हा, लेलंड अंगणात पानं गोळा करता करता खाली बसला आणि उठलाच नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. पाच आठवडे इस्पितळात काढून तो परत आला तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलं होतं. सगळं नव्हतं गेलं. दोन शब्द शिल्लक होते: "नाही" आणि "मंगळवार". भूक लागली की मंगळवार, खिडकी लाव म्हणजे मंगळवार, राग आला तर नाही, नाही, मंगळवार. त्यातला कुठला मंगळवार कशाचा, हे आर्डिस हळूहळू ओळखायला शिकली.

जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून बैठकीत इस्पितळासारखी खाट आणली. खाट एकाच जागी मावत होती. डोक्यामागे खिडकी, आणि समोर ती लांबलचक दक्षिणेकडची भिंत. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, गोळ्या द्यायच्या. बाहेर उणे पंचवीस. शेजारचा व्हर्लिन, धान्याच्या कोठारातून निवृत्त झालेला विधुर, दर गुरुवारी दुपारी दोन तास लेलंडजवळ येऊन बसायचा. बेचाळीस वर्षं ज्या घरातून ती बाहेर पडू शकली नव्हती, त्या घरातून आता आठवड्याला दोन तास बाहेर जायला मिळत होतं.

बोलणं शिकवायला येणारी मिकेला जेमतेम सव्वीस-सत्तावीसची होती. दुसऱ्याच भेटीत तिने बूट काढता काढता विचारलं, "रंगकाम काढलंय का तुम्ही?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "असंच असतं."

मिकेलाने खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या समोरच्या भिंतीकडे. "आर्डिस, हे दिवसभर हेच बघतात? यांच्या डोक्याला काहीतरी खाद्य हवं. समोर चित्रं लावा. रंग असलेली, ज्याचं नाव घेता येईल अशी. झाड, बोट, माणसं. तुम्हाला आवडतील ती लावा. पण लावा. हे मी औषधासारखं सांगतेय, बरं का."

लेलंड म्हणाला, "नाही."

"मंगळवारपर्यंत लावते," आर्डिस म्हणाली आणि आपल्याच तोंडावर हात ठेवून हसली. नंतर तिला त्या हसण्याची लाज वाटली.

त्याच दुपारी ती तळघरात उतरली. मावशीचं कापड खोक्यात होतं, पण उंदरांनी त्याचं घर केलं होतं. तिने उचललं तसे निळे पक्षी हातात भुग्यासारखे सुटले. पोरांची चित्रं ओलीने एकमेकांना चिकटली होती. उंट तेवढा धड होता, पण तो हाताएवढा कागद त्या भिंतीवर लावला असता तर भिंत आणखीच मोठी दिसली असती. ती खोकं बंद करून वर आली. रडू आलं नाही. इतकी वर्षं ती मनातल्या मनात त्या कापडासाठी लेलंडशी भांडत होती, आणि ज्याच्यासाठी भांडत होती ते कधीच संपून गेलं होतं.

मग गुरुवार सुरू झाले. एका गुरुवारी ती चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला गेली. दुसऱ्या गुरुवारी शेजारच्या गावातल्या मोठ्या दुकानात, जिथे चित्रांची भिंतच्या भिंत होती. दीपगृहं, सूर्यफुलं, पावसात छत्री घेतलेली बाई, लांडगे, चंद्र. ती एकेका चित्रासमोर उभी राहायची. मन विचारायचं, हे आवडलं का? आणि उत्तर यायचं, याला दोन खिळे लागतील. हे जड आहे, याला स्क्रू लागेल, पाव इंचाचं भोक. याची चौकट काळी आहे, भिंतीवर रेघा उमटतील. ती दचकून पुढच्या चित्राकडे जायची आणि तिथेही तेच. दुकानातली पोरगी म्हणाली, "काही मदत करू का?" आर्डिस म्हणाली, "मला काय आवडतं ते शोधतेय." पोरगी म्हणाली, "शोधा शोधा, निवांत शोधा." पण दोन तास संपत आले होते.

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. लेलंड खाटेवर पडून होता, पण त्याचे डोळे ती आपल्या कपाळात घेऊन हिंडत होती.

जोलीनला फोनवर सांगितलं तर चार दिवसांत डेन्व्हरहून पार्सल आलं. लाकडाची मोठी अक्षरं, त्यांतून वाक्य व्हायचं: 'या घरात प्रेम नांदतं'. सोबत चिकटपट्ट्या. जोलीन म्हणाली, "आई, भोक नाही पडत याने. बाबा पण खूश, तू पण खूश." आर्डिसने अक्षरं लावली. रात्रीतून थंडी उणे तिसावर गेली, भिंत गार पडली, आणि सकाळी ती लेलंडला लापशी भरवत असताना एकेक अक्षर टपाटप खाली पडायला लागलं. 'प्रेम' सगळ्यात आधी गेलं. लेलंडच्या घशातून एक खरखरीत आवाज आला. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसत होता. आर्डिसलाही हसू फुटलं, चमचा हातात धरून दोघं कितीतरी वेळ हसत राहिली. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, ती पुन्हा कोरी झाली होती, आणि समाधानाने डोळे मिटले. आर्डिसचं हसू तिथेच थांबलं.

डिसेंबरमध्ये लेलंडची बहीण कॉर्लिस आली. हातात लेफ्सांचा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचा, डबा, काखेत चादरीत गुंडाळलेली चौकट. "बाबांची बदकं!" ती दारातूनच ओरडली. "लेलंडला लहानपणी फार आवडायची. मिकेलाने सांगितलंय ना लावायला? मग हीच लाव." वेतांतून उडणारी पाच करडी बदकं होती, आभाळही करडं.

"छान आहेत," आर्डिस म्हणाली.

"छान आहेत म्हणजे लाव की. हातोडी कुठंय?"

"कॉर्लिस, मी अजून ठरवतेय."

"ठरवायचंय काय त्यात? बघायचंय त्याला. तुला थोडंच बघायचंय."

आर्डिसला वाटलं आता आपण काहीतरी बोलणार. पण तोंडातून निघालं, "कॉफी घेतेस?" कॉर्लिसने बदकं भिंतीला टेकवून ठेवली आणि लेलंडला म्हणाली, "ओळखलंस का रे? बाबांची!"

लेलंड म्हणाला, "नाही."

"ओळखत नाही म्हणतोय!" कॉर्लिसचे डोळे भरून आले.

"ओळखतोय तो," आर्डिस म्हणाली. "लावू नका म्हणतोय."

कॉर्लिस बदकं तशीच ठेवून गेली. आर्डिसने ती तोंड भिंतीकडे करून फिरवून ठेवली, आणि ती महिनाभर तशीच शिक्षा झालेल्या पोरांसारखी उभी होती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी आर्डिसला कुठे जायचंच नव्हतं. दुकानांचा कंटाळा आला होता. ती हायवेवर मिसेस लियूंच्या चायनीज हॉटेलात गेली. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका दर मे महिन्यात, शाळेच्या शेवटच्या दिवशी तिथे जेवायच्या. दारावर कागद होता: महिनाअखेरीस बंद. आत टेबलं एकावर एक रचलेली. तरी मिसेस लियूंनी तिला बसवलं, सूप आणलं. "मुलाकडे कॅलिफोर्नियाला चालले," त्या म्हणाल्या. "गुडघे राहिले नाहीत आता. तुझा नवरा कसा आहे?"

"तसाच."

आर्डिसने सूपचा चमचा तोंडाला लावला आणि समोर पाहिलं. समोर ते चित्र होतं. पाच फूट लांब, सोनेरी चौकटीचं. हिरवे डोंगर, वाकडी पाइनची झाडं, एक छोटा तांबडा पूल, आणि मधून कोसळणारा धबधबा. चित्राच्या मागे दिवा होता आणि काहीतरी फिरायचं, त्यामुळे पाणी खरंच वाहताना दिसायचं. बारीक घरघर ऐकू यायची. दर मे महिन्यात ती याच टेबलावर, याच खुर्चीत बसायची आणि बाकीच्या बायका बोलत असताना त्या पाण्याकडे बघत राहायची. "आर्डिस, तू परत पुलावर गेलीस वाटतं," असं त्या चिडवायच्या. हे तिला आज आठवलं. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी चित्र म्हणून मोजलंच नव्हतं.

"हे कुणाला देणार?" तिने विचारलं.

मिसेस लियू हसल्या. "कुणी घेत नाही. मुलगा म्हणतो, आई, हे आणलंस तर तुलाही दारातच उभं करीन. तुला हवंय? थट्टा नको करूस. हवंय?"

"हवंय," आर्डिस म्हणाली. आपल्या आवाजाने ती स्वतःच दचकली. एवढा मोठा आवाज तिने कित्येक वर्षांत काढला नव्हता.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात तिला कळलं की भोकांचा विचार आपल्या मनात आलाच नव्हता. आता आला. मोजून चार, बोट जाईल एवढी मोठी.

शनिवारी व्हर्लिनने आपल्या पिकअपमधून ते आणलं, ब्लँकेटात गुंडाळून, आणि सोबत ड्रिल, बोल्ट आणि ते आवळायचे पाने. बैठकीत आल्यावर त्याने ब्लँकेट काढलं आणि सोनेरी चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नक्की ना, आर्डिस?"

"नक्की."

"नाही, हे जरा... म्हणजे हॉटेलात ठीक आहे."

"व्हर्लिन, तुझ्या घरात शौचालयात बटण दाबलं की गाणारा प्लास्टिकचा मासा टांगलाय."

"तो बक्षीस मिळालेला आहे," व्हर्लिन म्हणाला आणि मुकाट्याने भिंत ठोकून आतला लाकडी खांब शोधायला लागला.

लेलंड सगळं बघत होता. व्हर्लिनने पेन्सिलीने खूण केली तेव्हा त्याचा डावा हात चादरीवर हलायला लागला. ड्रिल सुरू झालं तसा तो ओरडला, "नाही! नाही! मंगळवार! नाही!" भिंतीतून पांढरी भुकटी धारेसारखी खाली आली. व्हर्लिनने ड्रिल थांबवून मागे पाहिलं.

आर्डिसने लेलंडकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, अर्धं तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. तो उठू शकत नव्हता. पक्कड आणू शकत नव्हता. रविवारी रंग लावू शकत नव्हता. ती काहीही करू शकत होती आणि त्याला फक्त बघावं लागत होतं. ही जागा आर्डिसच्या ओळखीची होती. बेचाळीस वर्षं ती तिथेच बसली होती, मांडीवर चार घड्यांचं कापड घेऊन. आता तिथून उठून दुसऱ्या जागी गेल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"थांबू का?" व्हर्लिनने हळूच विचारलं.

"नको," आर्डिस म्हणाली. "तीन राहिलीत."

तिलाही आवाज चढवावा लागला नाही.

चित्र लागलं, प्लग लागला, पाणी वाहायला लागलं. साईच्या रंगाच्या त्या खोलीत हिरवा-निळा उजेड हलायला लागला, खाटेच्या लोखंडावर, औषधांच्या बाटल्यांवर, लेलंडच्या चेहऱ्यावर. लेलंडने डोळे मिटले.

ते त्याने नऊ दिवस मिटलेले ठेवले. म्हणजे झोपेत नाही, जागेपणी. ती भरवायला आली की तोंड उघडायचा, डोळे नाही. कूस बदलली की भिंतीकडे पाठ होईल अशा बाजूला राहायला बघायचा. आर्डिस रोज सकाळी चित्र चालू करायची आणि त्याच्या पायांशी खुर्चीत बसून बघायची. पाणी वाहत असायचं, पुलावर कुणी नसायचं. ते आपल्याला अजूनही आवडतंय ना, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून घेत होती. पण एकट्याने आवडणं जड जात होतं, कारण शेजारी डोळे मिटलेला माणूस होता आणि त्याला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं. बंद करावं तर ती हरली. चालू ठेवावं तर ती त्याच्यासारखीच झाली. फोनवर जोलीनने फोटो पाहून विचारलं, "आई, हे काय आहे? मिकेलाने झाड वगैरे सांगितलं होतं ना?" आर्डिस म्हणाली, "झाडं आहेत त्यात," आणि फोन ठेवला.

दहाव्या दिवशी मिकेला आली. दारातच थांबली. "बाप रे," ती म्हणाली. "वाहतंय की हे!" मग खुर्ची ओढून लेलंडजवळ बसली. "लेलंड, डोळे उघडा बघू. ते काय आहे समोर? पा... पा..."

लेलंडने डोळे उघडले. ओठ जुळवले. गळ्याच्या शिरा ताणल्या. त्याला घाम फुटला. आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात फडकं पिळत उभी होती.

"बं," लेलंड म्हणाला.

"पाणी. पा..."

"बं... बंद," लेलंड म्हणाला. आणि मग स्वच्छ, जेवणाच्या टेबलावर म्हणायचा तसं, "बंद कर."

मिकेला टाळ्या पिटत उठली. "नवा शब्द! दोन शब्द! आर्डिस, ऐकलंत? जोडून बोलले! हे चित्र काढू नका हं, काय वाट्टेल ते झालं तरी काढू नका!"

ती गेल्यावर घरात नुसती घरघर राहिली. लेलंड आर्डिसकडे बघत होता. "बंद कर," तो पुन्हा म्हणाला. जुना लेलंड परत आला होता, पहिला शब्द सापडताच हुकूम घेऊन. आर्डिसचे पाय सवयीने प्लगकडे निघालेही. दोन पावलं गेल्यावर ती थांबली.

"पाच वाजता," ती म्हणाली.

तो काही न कळल्यासारखा बघत राहिला.

"पाच वाजता बंद करीन. सकाळी दहाला लावीन. मध्ये तुला डोळे मिटायचे असतील तर मीट. पण आणखी नऊ दिवस तसंच करणार असशील तर सांग, मी खुर्ची इथून हलवते आणि तुझ्या डोळ्यांवर रुमाल ठेवते. आणि हे मी आत्ता नाही, त्या पहिल्या वर्षी बोलायला हवं होतं. तेव्हा बोलले नाही, ही माझी चूक. बाकी सगळी तुझी."

लेलंडने बराच वेळ विचार केला. "मंगळवार," तो म्हणाला.

"मंगळवारी सुट्टी?"

पुढच्या मंगळवारी तिने चित्र लावलं नाही, आणि त्या दिवशी त्याने दिवसभर डोळे उघडे ठेवले. बुधवारी लावलं. तो छताकडे बघत राहिला. शुक्रवारी भरवताना तिला दिसलं की त्याची नजर छतावरून खाली उतरून पाण्यापर्यंत आली, तिथे थोडी थांबली, आणि तिने पाहिल्याचं लक्षात येताच परत वर गेली. तिने पुढचा चमचा भरला. आवडलं असेल असं तिने मानलं नाही. माणूस समोर असेल ते बघतो.

मार्चमध्ये बर्फ घाणेरडं व्हायला लागलं. लोकांना वाटलं, आता आर्डिस सगळं घर सजवेल. कॉर्लिसने तर विचारलंच, "बदकं कुठे लावणार?" पण खालच्या मजल्यावर आर्डिसचा हात पुढे होत नव्हता. स्वयंपाकघराची भिंत, जेवणघराची भिंत, तिथे अजून कागदाचा कपटाही लागला नव्हता. हातोडी घेऊन उभी राहिली की मागे कुणीतरी हात धुऊन जेवायला बसल्यासारखं वाटायचं. एक भिंत झाली तरी बाकीच्या होत्याच, आणि त्या सगळ्या तिच्या अंगात होत्या.

वरच्या मजल्यावर मात्र लेलंड आता कधीच येणार नव्हता. तिथे जिन्याच्या तोंडाशी एक अरुंद बोळ होता, खिडकी नसलेला. एका गुरुवारी ती बाहेर गेलीच नाही. व्हर्लिनला म्हणाली, "तू बस त्याच्याजवळ, मी वर आहे." तिने आदल्या गुरुवारी चर्चच्या विक्रीतून आणलेलं एक चित्र घेतलं. पिवळ्या भोपळ्यांचं, कुणीतरी घरीच काढलेलं, भोपळे जरा वाकडे. का आवडलं ते तिला सांगता आलं नसतं आणि तिने विचारलंही नव्हतं. खिळा ठेवला, डोळे बारीक केले आणि ठोकला.

खालचं बोलणं थांबलं. मग लेलंडचा आवाज आला, जिन्यावरून चढून येणारा, "नाही!"

"अरे, ती वर आहे," व्हर्लिन त्याला समजावत होता. "तुझ्या भिंतीला नाही लावत. पत्ते वाट."

आर्डिस हातोडी धरून ऐकत उभी राहिली. बोळात उजेड कमी होता. तिने चित्र टांगलं, सरळ केलं, जरा मागे सरकली. बोळ इतका अरुंद की मागे सरकायला जागाच नव्हती, पाठ लगेच समोरच्या भिंतीला लागली. तिथूनच तिने भोपळे बघितले. ते तिला आवडले. शेजारी दुसरं काय लावावं याचाही विचार तिच्या मनात आला, आणि तिसऱ्याचाही.

तेवढ्यात खालून व्हर्लिनने हाक मारली, "आर्डिस, तीन वाजले गं!" लेलंडची कूस बदलायची वेळ झाली होती. ते एकट्या व्हर्लिनला जमत नसे. आर्डिसने हातोडी वरच्या पायरीवर ठेवली आणि कठड्याला धरून खाली उतरली.